हौसा भेकरिणीचे सतरा डबे

एका जंगलात एक भेकरीण बाळंत झाली. तसं जंगलात रोज कोणी ना कोणी बाळंत होतच असतं. त्यात सांगण्यासारखं काही नसतं. पण हिला डबे आले, म्हणून गोष्ट झाली.

भेकर म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर सांगतो. हरणासारखंच असतं, पण बुटकं आणि तांबूस. वाघ दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं. ते भुंकलं की सगळं जंगल पळतं. जंगलात भोंगा नाही, दवंडी नाही, पेपर येत नाही. जे काय आहे ते भेकर. म्हणून भेकरांच्या घरात एकच गोष्ट शिकवतात. खोटं भुंकायचं नाही. पाडस जन्मलं की आई त्याच्या कानात एवढंच सांगते. बाकी काही शिकवत नाहीत. बाकी शिकून कोणाचं काय भलं झालंय?

तर ही भेकरीण. नाव हौसा. पहिलटकरीण होती. नवरा म्हादू डोंगराच्या धारेवर पहाऱ्याला. वाघ दिसला तर भुंकायचं, नाही दिसला तर गप उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. पण तेवढ्यासाठी त्याला महिनाभर घरी येता येत नव्हतं. काही नवऱ्यांना अशी कामं बरोबर मिळतात.

करवंदीच्या जाळीत हौसाला पाडस झालं. तिनं ते चाटून पुसून कोरडं केलं. पाडस थरथरत उभं राहिलं, चार घोट प्यायलं आणि झोपलं. हौसानं जाळीतून बाहेर बघितलं. समोर ओहळाच्या काठाला कोवळं गवत वाऱ्यानं हलत होतं. ती मनात म्हणाली, आता पोटभर गवत खावं आणि एक झोप काढावी. उठल्यावर बाळाच्या कानात सांगायचं ते सांगू.

हे नीट लक्षात ठेवा, पोरांनो. पोटभर गवत आणि एक झोप. गोष्ट संपेपर्यंत ती बिचारी एवढंच मागते आहे.

ती उठली. एक पाय जाळीबाहेर टाकला. तेवढ्यात वरून आवाज आला.

"अगंबाई! हौसाची सुटका झाली!"

वर उंबरावर चिंगी माकडीण बसली होती. चिंगीला बातमी कळली की ती पोटात राहत नसे. ती एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेली आणि दुपारपर्यंत सगळ्या जंगलाला कळलं.

त्या जंगलात मालन नावाची कोल्हीण होती. तिचं एक मंडळ होतं. आधी ते वृक्षसंवर्धन मंडळ होतं. मग झाडांनी काही प्रतिसाद दिला नाही, म्हणून ते बाळंतीण सेवा मंडळ झालं. दोन महिने कोणी सोयीचं बाळंत झालं नव्हतं. वाघीण झाली होती, पण तिकडे सेवेला जायला मंडळाच्या सभासदांना सवड नव्हती. त्यामुळं मालन नुसती बसून कंटाळली होती. हौसाचं ऐकल्यावर ती उठली, पदर खोचला आणि चूल पेटवली.

कोल्हिणीला पदर कुठला आणि जंगलात चूल कुठली, असं विचारू नका. डबे कुठून आले तेही विचारू नका. स्टीलचे कडीचे डबे होते आणि प्रत्येकाच्या तळाला नाव कोरलेलं होतं, एवढं मला माहीत आहे.

संध्याकाळी मालन डबा घेऊन जाळीपाशी आली.

"हौसा, ए हौसा! उठू नकोस, पडून राहा. आता तू काही करायचं नाहीस. मंडळ आहे ना!"

हौसाला बरं वाटलं. तिनं विचारलं, "काय आणलंत, मालनवैनी?"

"रानकोंबडीचा रस्सा. चांगला झणझणीत केलाय. बाळंतिणीच्या अंगात ताकद यायला पाहिजे."

"वैनी, मी गवत खाते."

"ते आधी. आता तू बाळंतीण आहेस." मालननं डबा तिच्या पुढ्यात सरकवला. "आणि हे बघ, हिरवं बिलकूल खायचं नाही. आई हिरवं खाते आणि बाळाला हिरवं होतं. माझ्या सासूनं मला सव्वा महिना हिरव्याला शिवू दिलं नाही."

"पण तुम्ही एरवी तरी कुठं हिरवं खाता, वैनी?"

"तेच तर सांगतेय. माझ्या एकाही पोराला त्रास झाला नाही."

यावर हौसानं डबा आत ओढून घेतला. तुम्हीही घेतला असता.

"आणि सव्वा महिना जाळीबाहेर पाय नाही टाकायचा," मालन म्हणाली. "वारा लागतो." मग ती निघाली. चार पावलं जाऊन वळली. "डब्याची काही घाई नाही हं. सवडीनं दे. उद्या सकाळपर्यंत दिलास तरी चालेल. फक्त तेवढा रिकामा देऊ नकोस. तशी मी नाही मानत, पण रिकामा डबा घरात आला की आमच्या ह्यांना बरं वाटत नाही."

आता हा डब्याचा नियम तुमच्या घरीही आहे. शेजारणीचा डबा आला तर परत करताना त्यात काहीतरी घालायचं. चिमूटभर साखर घाला, दोन लिंबं घाला, पण रिकामा द्यायचा नाही. नियम चांगला आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही. ज्यानं तो केला त्याला कोणी बाळंतपणात सतरा डबे आणून दिले नसणार, एवढंच.

दुसऱ्या दिवशी भागू अस्वलीण आली. भागू जंगलात सगळ्यांची आत्या. मनानं फार चांगली. हात मात्र भरभरून.

"लाडू आणलेत गं हौसा. डिंकाचे. धावड्याचा डिंक आहे, हातानं ओरबाडून काढलाय. तूप नव्हतं म्हणून मध घातला. आणि खोबऱ्याऐवजी वाळवी. अंड्यांसकट घातलीय."

"आत्या, मला वाळवी..."

"कमी पडली का? उद्या जास्त घालते."

तिसऱ्या दिवशी रानडुकरिणीनं सुरणाची भाजी आणली. हौसानं ती जिवावर उदार होऊन खाल्ली. भाजीत चिंच घालायची राहून गेली होती. दिवसभर घसा खाजत राहिला. मग मुंगशिणीनं धामणीचं कालवण आणलं. चिंगीनं फणसाचे गरे आणले, पण वाटेत तिला भूक लागली होती, त्यामुळं आठळ्या आल्या. पाच दिवसांत जाळीत सतरा डबे झाले. जाळी मुळात एका भेकराला पुरेल एवढी होती. हौसा डब्यांना टेकून बसायची आणि पाडस दोन डब्यांच्या मधे पाय मुडपून झोपायचं.

पहिल्या सकाळी हौसानं मालनचा डबा घासला आणि त्यात पाच आवळे घातले. जाळीच्या मागं आवळी होती, तिथं पडलेले वेचले. चिंगी डबा घेऊन गेली आणि लगेच परत आली.

"काय म्हणाल्या मालनवैनी?"

"काही नाही," चिंगी म्हणाली. "झाकण उघडून बघितलं आणि म्हणाल्या, पाचच? मग म्हणाल्या, जाऊ दे, बाळंतीण आहे. मग म्हणाल्या, डबा तसा मोठा होता."

हौसाला फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या डब्यात तिनं वीस आवळे घातले. तिसऱ्याला आवळे संपले. मग ती बोरं शोधायला बाहेर पडली. वाटेत मालन भेटली.

"हे काय? बाहेर?"

"डब्यात घालायला काही नव्हतं, वैनी."

"मग ठीक आहे. डब्यासाठी चालतं. खायला बिलकूल जाऊ नकोस."

ओहळाच्या काठानं जाताना हौसाच्या दोन्ही बाजूंना गवत होतं. तिनं मान खाली घातली. लगेच उंबरावरून चिंगी ओरडली, "हौसाताई, हिरवं!" हौसानं मान वर केली.

असे आठ दिवस गेले. सकाळी डबे घासायचे. मग बोरं, करवंदं, टेंभुरणी वेचायची. मग कुठला डबा कोणाचा ते तळाचं नाव बघून लावायचं. मग भेटायला आलेल्यांशी बोलायचं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "तू पडून राहा हं, आमचं काही करू नकोस." आणि तासभर बसायचा.

नवव्या दिवशी एक गंमत झाली. हौसाच्या दृष्टीनं नव्हे, तुमच्या माझ्या दृष्टीनं. भागूचा डबा परत द्यायचा होता. चिंगी न्यायला येऊन बसली होती. "आटपा की, हौसाताई," म्हणत होती. घालायला काही नव्हतं. आवळीखाली एक आवळा नव्हता. हौसाच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तिनं मालनचा रस्सा उचलला आणि भागूच्या डब्यात ओतला. मग हातासरशी भागूचे लाडू मालनच्या डब्यात घातले.

पुढं काय होणार म्हणून ती वाटेकडे बघत बसून राहिली. संध्याकाळी चिंगी आली.

"भागूआत्या बोटं चाटत होती. म्हणाली, गवत खाणारीच्या हाताला ही चव! आणि मालनवैनींनी चार लाडू उभ्या उभ्या खाल्ले."

मालननं वीस वर्षांत भागूच्या घरचं काही खाल्लं नव्हतं. भागूच्या स्वयंपाकात केस निघतात, असं ती सगळ्यांना सांगायची. त्या लाडवातही निघाला असणार. पण हौसाच्या लाडवातला केस म्हणून तो चालून गेला.

हौसाला वाटलं, सुटले. कालवण सुरणाच्या डब्यात, सुरण फणसाच्या डब्यात, फिरवत राहायचं. आता वेचायला जायला नको. आता तरी झोप मिळेल.

झालं उलटंच. हौसाच्या हाताला चव आहे, ही बातमी जंगलभर झाली. जे एक वेळ डबा आणायचे ते दोन वेळा आणू लागले. डब्याबरोबर निरोपही येऊ लागले. "लाडू मागच्यासारखेच घाल म्हणावं, पण जरा कमी गोड." "आमच्याकडे उद्या पाहुणे आहेत, रस्सा थोडा जास्त." एकानं तर रिकामाच डबा पाठवला. म्हणाला, भरलेला परत द्यायचाच आहे, तर मधला खटाटोप कशाला?

तो मला त्या जंगलातला सगळ्यात प्रामाणिक प्राणी वाटतो. पण त्याचं नाव लक्षात राहिलं नाही.

इकडे पाडसाचं काय चाललं होतं? भेकराचं पाडस दहाव्या दिवशी आईच्या मागं उड्या मारतं. हे दहाव्या दिवशी पडून होतं. पहिल्या दिवशी उभं राहिलं होतं तेवढंच. तोंड लावायचं, ओढायचं, आणि काही येईना म्हणून पुन्हा मान टाकायचं. ते रडायचं तेही आवाज न करता. नुसतं तोंड उघडायचं.

हौसा घाबरली. तिनं भागूला सांगितलं, "आत्या, दूध आटलंय गं."

"अगंबाई! खात नसशील तू नीट."

"नाहीच खात."

"बघ! सतरा डबे असून खात नाही." भागूला खरंच वाईट वाटलं. तिनं मंडळाला सांगितलं. मंडळानं तातडीनं ठराव केला आणि डब्यांच्या खेपा वाढवल्या.

बाराव्या दिवशी चूक झाली. डबे खूप झाले होते आणि हौसा उभ्या उभ्या पेंगत होती. तळाचं नाव बघायचं राहिलं. मालनचा रस्सा मालनच्याच डब्यात राहिला आणि मालनकडे गेला.

अर्ध्या तासात मालन जाळीपाशी उभी. मागं सगळं मंडळ. भागू, रानडुकरीण, मुंगशीण, आणखी दहा जणी. वर चिंगी, तिला सगळं दिसेल अशा फांदीवर.

"हे काय आहे?" मालननं डबा खाली आपटला.

"रस्सा, वैनी."

"कोणाचा?"

हौसानं डब्याच्या तळाकडे बघितलं.

"माझा! माझाच मला! मी काय माझ्या घरी रस्सा नाही म्हणून तुझ्याकडे आणून देते होय?"

"वैनी, चुकून झालं. नाव बघायचं राहिलं."

"नाव बघायचं राहिलं म्हणजे?" मुंगशीण पुढं आली. तिला अशा ठिकाणी बरोबर वास यायचा. "म्हणजे एरवी नाव बघून एकीचं दुसरीला घालतेस?"

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. भागू मालनकडे वळली. "म्हणजे मी खाल्लेला रस्सा तुझा होता?"

"आणि ते लाडू..." मालनचा हात तोंडाशी गेला. "ते तुझे?"

"का? काय झालं माझ्या लाडवांना?"

"केस होता त्यात!"

"आणि तुझ्या रश्श्यात मीठ नव्हतं! मी हौसाचा म्हणून खाल्ला!"

मग जे भांडण लागलं ते काही मी सांगत नाही. तुमच्या आळीत लागतं तसंच होतं. वीस वर्षांपूर्वीचं निघालं. कोणाच्या बारशाला कोण आलं नव्हतं ते निघालं. एकीनं दुसरीच्या सासूचं काढलं. सगळं जाळीच्या तोंडाशी, सगळं मोठ्या आवाजात. आणि मधूनमधून जी ती हौसाकडे वळून म्हणायची, "तू पडून राहा गं, तुला काही बोलत नाही आम्ही."

आत पाडसानं तोंड उघडलं. या वेळी मिटलंच नाही.

हौसानं त्याला नाकानं ढोसलं. त्यानं डोळे उघडले नाहीत. तिनं पुन्हा ढोसलं. एक कान जरासा हलला.

"वैनी," हौसा म्हणाली. "मला जरा बाहेर जाऊ द्या. गवत खाऊन येते."

"हिरवं?" सगळ्या एकदम म्हणाल्या. भांडण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"दोनच घास."

"एवढे डबे पुढ्यात आहेत, खा की त्यातलं. आमच्या हातचं आवडत नाही का तुला?"

हौसानं समोर बघितलं. मालनच्या शेपटीपलीकडे, भागूच्या कुल्ल्यापलीकडे, ओहळाच्या काठाला गवत हलत होतं. वीस पावलांवर. मग तिनं मागं बघितलं. मग तिला आई आठवली. आईनं कानात सांगितलेलं आठवलं. तिच्या आईच्या आईनंही तेच सांगितलं होतं. त्यांच्या घराण्यात कोणी कधी खोटं भुंकलं नव्हतं. सगळं जंगल त्यांच्या त्या एका शब्दावर झोपत होतं.

हौसानं मान वर केली आणि ती भुंकली.

एकदाच. खणखणीत.

काय सांगू तुम्हाला! डोळ्याची पापणी लवायच्या आत जाळीपुढं कोणी नव्हतं. भागूला एरवी उठायला दोघांचा हात लागायचा. ती मालनच्या पुढं पळाली. चिंगी उंबराच्या शेंड्यावर गेली आणि तिथून दुसऱ्या शेंड्यावर गेली आणि मग दिसलीच नाही. उरले सतरा डबे.

धारेवर म्हादूनं बायकोचा आवाज ऐकला. त्याला काही दिसलं नव्हतं. पण पहाऱ्यावरच्या भेकराला आधी काही कळलं नाही असं कसं म्हणणार? तोही भुंकला. त्याचं ऐकून पलीकडच्या धारेवरचा भुंकला. मग त्याच्या पलीकडचा. थोड्या वेळानं तिघं एकत्र जमले.

"मी बघितला," म्हादू म्हणाला. "हा एवढा मोठा."

"मोठाच होता," दुसरा म्हणाला. "डाव्या पायानं जरा लंगडत होता."

"उजव्या," तिसरा म्हणाला. "मी जवळून बघितला."

खरा वाघ त्या वेळी नदीकाठी बांबूच्या बेटात झोपला होता. चारी बाजूंनी भुंकणं ऐकून तो जागा झाला. त्यानं विचार केला. मी तर इथं आहे. मग तिथं कोण आहे? बराच मोठा दिसतोय. मग तो हळूच उठला, शेपूट पोटाखाली घेतली आणि डोंगरापलीकडे राहायला गेला.

हौसा गवताकडे चालत गेली. ती आधी हुंगत बसली नाही, कोवळं-जून बघितलं नाही. ऊन कलेपर्यंत खात राहिली. मग ओहळाचं पाणी प्यायली, जाळीत आली आणि पाडसाला पोटाशी घेऊन झोपली. मधेच कधीतरी पाडस ओढू लागलं. या वेळी त्याला मिळालं. दूध गळ्याखाली उतरताना त्याचा कान हलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळ पुन्हा आलं. चौकशीला. आणि डबे राहिले होते, ते न्यायला. हौसानं त्यांना लांबूनच बघितलं. त्यांच्या हातात नवे डबे होते. ती पुन्हा भुंकली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एकट्या चिंगीला पुढं पाठवलं. हौसा एकट्या चिंगीसाठी भुंकली.

आता तुम्हाला वाटत असेल, पुढं एक दिवस खरा वाघ येणार, हौसा खरं भुंकणार आणि कोणी विश्वास ठेवणार नाही. तुम्हाला शाळेत असलंच शिकवतात. तसं काही झालं नाही. खरा वाघ पलीकडच्या डोंगरात जीव मुठीत धरून बसला होता. आणि विश्वासाचं म्हणाल तर रोज सगळे पळत होते. एकानंही थांबून बघितलं नाही. बघायला कोण थांबतो?

पंधरा दिवसांत हौसाच्या अंगावर तुकतुकी आली. पाडस उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. मग एक दिवस त्यानं मालनच्या डब्यावरून उडी मारली. दुसऱ्या दिवशी दोन डबे एकमेकांवर ठेवले होते, त्यावरून मारली. डब्यातलं सगळं मुंग्यांनी केव्हाच साफ केलं होतं. मुंग्यांनी मात्र चव बघितली नाही की नाव वाचलं नाही.

सव्वा महिना झाल्यावर हौसानं सतराच्या सतरा डबे घळीत लोटून दिले. मग मंडळानं मोठा कार्यक्रम केला. मालनचा सत्कार झाला. भागूचाही झाला. त्या दोघी आता बोलत होत्या, पण एकमेकींच्या घरचं खात नव्हत्या, म्हणजे सगळं पूर्ववत झालं होतं. मालननं भाषण केलं. म्हणाली, "बारा दिवस आपण डबे दिले. त्याचं फळ तुमच्या पुढं उड्या मारतंय. पुढं वाघ आला नसता, तर याहून गुटगुटीत झालं असतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हौसानंही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मालननं तिला बाजूला घेतलं. "हौसा, आमचे डबे गं?"

"वाघानं नेले, वैनी."

मालननं पदर सारखा केला. मग म्हणाली, "नेले तर नेले. पण वाघ आहे तो. रिकामे नाही परत करायचा."

ती अजून वाट बघते आहे म्हणतात.

पुढं पावसाळ्याच्या तोंडाला लाडी ससीण बाळंत झाली. सहा पिल्लं. बीळ एवढंसं. मंडळानं नवे डबे केले, तळाला नावं कोरली. हौसा आपल्या पाडसाला घेऊन भेटायला गेली. बिळाच्या तोंडाशी रांग होती. मुंगशिणीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"रिकाम्या हातानं आलीस?"

"हो," हौसा म्हणाली.

"आपल्या वेळी सतरा डबे घेतले, आणि आता बघा!"

हौसानं बिळात डोकावलं. लाडी भिंतीला टेकून कोणाचा तरी डबा घासत होती. तिचे कान खाली पडले होते.

"लाडे, तू काय खातेस गं?"

लाडीनं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही हा प्रश्न तिला जन्मात कोणी विचारला नव्हता. "गवतच की, हौसाताई. पण मालनवैनी म्हणतात..."

"असू दे. दार लावून घे."

हौसा तिथून निघाली आणि टेकाडाआड गेली. पाडस मागोमाग आलं. तिथं आडोशाला तिला एकाएकी आठवलं. डब्यांच्या गडबडीत बाळाच्या कानात सांगायचं राहूनच गेलं होतं. तिनं खाली वाकून त्याच्या कानाला तोंड लावलं.

"बाळा, खोटं कधी भुंकायचं नाही. आपल्या घराण्यात कोणी भुंकलेलं नाही. समजलं?"

पाडसानं मान हलवली.

"शहाणं माझं. आता कान झाक."

तात्पर्य : बाळंतिणीला डबा अवश्य न्यावा. मात्र वाटेत वाघ आला अशी आरोळी ऐकू आली तर तिथूनच मागं फिरावं आणि डबा घरी जाऊन आपण खावा. वाघ खरा होता की खोटा, याची चौकशी करू नये. आणि दुसऱ्या दिवशी तर मुळीच करू नये.